कोकणात स्वयंपाकघराचं काम काढताना

आमच्या गुहागरकडच्या घरात स्वयंपाकघराचं काम दोनदा निघालं. पहिल्यांदा हौसेने, दुसऱ्यांदा नाइलाजाने. पहिल्या वेळी शहरातल्या एका दुकानातून तयार कपाटं आणली, पांढरी, चकचकीत. आत भुशाची दाबलेली फळी आहे हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या श्रावणात सिंकखालच्या कपाटाचं दार लागेना. खालची कड भिजवलेल्या पोह्यांसारखी फुगली होती, नखाने खरवडली तर भुसा हातात यायचा. डब्यांच्या झाकणांवर पांढरी बुरशी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. आपले मसाल्याचे डबे उचलून त्यांनी जुन्या फडताळात परत नेऊन ठेवले, एवढंच.

दुसऱ्यांदा काम काढलं तेव्हा वर्षभर लोकांची स्वयंपाकघरं बघत फिरले. पहिल्यांदाच असं काम काढणाऱ्यांसाठी, आणि मुंबईत बसून गावच्या घराचं काम फोनवर करून घेणाऱ्यांसाठी तर खासच, ते सगळं इथे मांडते.

आधी कारण ठरवा

"जुनं झालंय" हे कारण नव्हे. कारण असं हवं की जे कंत्राटदाराला एका वाक्यात सांगता येईल. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, उरलेले महिने खारी हवा असते आणि जांभ्या दगडाच्या भिंती पाणी पितात. त्यामुळे इथली खरी कारणं बहुतेक पाण्याचीच निघतात. ओट्यामागच्या भिंतीवर कमरेएवढी ओल चढते, रंगाचे पापुद्रे सुटून मागे मिठासारखा लोणा दिसतो. मोरीचं पाणी तुंबतं. खिडकी पश्चिमेला आहे, आडवा पाऊस आला की गॅस विझतो. हे सगळं नवीन लाद्या लावून झाकता येत नाही, आणि कोणी झाकून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

दुसरं मोठं कारण वायरिंग. चाळीस वर्षांपूर्वी एक दिवा आणि एक मिक्सर धरून टाकलेल्या वायरीवर आता फ्रिज, ओव्हन, पाण्याचा फिल्टर आणि इंडक्शन चालतं. पावसात स्विचला हात लावला की मुंग्या येतात, आणि घरातले लोक त्यावर हसतात. हसू नका. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा काम काढायला हरकत नाही.

तिसरं कारण पाठीचं. ओटा कोणाच्या तरी उंचीचा असतो आणि स्वयंपाक दुसरंच कोणी करतं. चौथं, घरातली माणसं बदललेली असतात. एरवी दोघंच राहतात, पण मे महिन्यात आणि गणपतीला वीस पानं वाढावी लागतात. कोणाला पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या असतात, तर कोणाकडे धुराचा त्रास असलेलं वयस्कर माणूस असतं.

चुलीबद्दल एक जोडून सांगते. ती सरसकट काढून टाकू नका. जुनी माणसं सांगतात की चुलीच्या धुराने वासे-रिपा काळ्या होतात, पण किडत नाहीत. आमच्याकडे चूल बंद केल्यावर तिसऱ्या वर्षी एका वाशाला भुंगा लागला. चूल मागच्या पडवीत हलवायची असेल तर छपराच्या लाकडाला औषध लावायचा खर्च त्याच कामात धरा.

आणि कधी काम काढू नये? नुसती दारं बिघडली असतील तर दारं बदला. नुसता अंधार असेल तर दोन काचेची कौलं आणि एक दिवा पुरतो. माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांना एवढ्यावर भागलं असतं.

कधी काढायचं

कोकणात कामाचं वेळापत्रक कंत्राटदार ठरवत नाही, पाऊस आणि सण ठरवतात. मे महिन्यात तोडफोड काढणारे दरवर्षी दिसतात, आणि दरवर्षी मृगाच्या पहिल्या सरीला त्यांच्या ओट्यावर ताडपत्री दिसते. २०२० साली ३ जूनलाच निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २०२१ मध्ये तौक्ते तर मेच्या मध्यालाच किनाऱ्याशेजारून गेलं. तेव्हा "सात जूनपर्यंत आहे वेळ" हा हिशोब आता धरू नये.

मला पटलेला क्रम असा. गणपतीत सगळी भावकी घरात असते, तेव्हा बोलणी करून घ्यायची. दसऱ्यापर्यंत कंत्राटदार ठरवायचा. ऑक्टोबरच्या उन्हात भिंती सुकू द्यायच्या आणि तुळशीचं लग्न लागलं की तोडफोड सुरू. साधारण स्वयंपाकघराला दीड ते दोन महिने धरा. शिमग्याच्या आत आटोपलं पाहिजे, कारण शिमग्याला पालखी नाचवायला आपले गवंडी जातात आणि होळीला परराज्यातले सुतार गावी जातात. दोघे एकदमच. त्यानंतर आंब्याचा हंगाम. मग मजूर बागेत आणि टेम्पो पेट्यांच्या मागे.

ज्यांना "गणपतीपर्यंत करून द्या" असं सांगून जुलैत काम सुरू करायचं आहे त्यांना एवढंच सांगते की पावसात प्लास्टर सुकत नाही आणि न सुकलेल्या भिंतीवर लावलेला रंग दिवाळीला उतरतो.

घर कोणाचं?

हे लहानसं आहे, पण इथेच कामं अडतात. वडिलोपार्जित घर सामायिक असेल तर आतल्या दुरुस्तीलाही बाकीच्या हिस्सेदारांना आधी सांगा, आणि जमल्यास दोन ओळी लिहून घ्या. भिंत बाहेर सरकवायची, पडवी आत घ्यायची किंवा छप्पर उचलायचं असेल तर ती नुसती दुरुस्ती राहत नाही. ग्रामपंचायतीत जाऊन परवानगीचं विचारा, समुद्र किंवा खाडीजवळ असाल तर किनारपट्टीचे नियमही विचारा. घरचा फणस तोडून त्याची दारं करायचा बेत असेल तर फणस तोडायलाही परवानगी लागते.

खडूने आखा

संगणकावरचं रंगीत चित्र बघून भुलू नका. रिकाम्या खोलीत किंवा खळ्यात खडूने ओटा, सिंक, फ्रिज खऱ्या मापाने आखा आणि घरात जी कोणी जास्त स्वयंपाक करते तिला त्यात उभं करा. ओट्याची उंची तिच्या कोपराच्या चार-पाच बोटं खाली यावी. पाच फुटांच्या आसपासच्या बाईला ३२ ते ३३ इंच बरं पडतं. दुकानं सरसकट ३४ किंवा ३६ करून देतात. ओट्याची रुंदी भिंतीपासून २४ इंच ठेवा, आणि ओट्यावरचं कपाट किमान २४ इंच वर.

मग खवणीचा प्रश्न. आमच्या पहिल्या स्वयंपाकघरात सगळं होतं, फक्त नारळ खवायला बसायची जागा नव्हती. सासूबाई विळी घेऊन दारात बसायच्या आणि येणारा-जाणारा त्यांना ओलांडून जायचा. दुसऱ्या वेळी भिंतीकडेला तीन फूट बाय तीन फूट जागा मोकळी सोडली, वर दिवा दिला, खाली खरखरीत लादी. शेजारी हाताला येईल अशी एक फळी, नारळ आणि परात ठेवायला. घरात आलेली प्रत्येक बाई आधी ती जागा बघते, कपाटं नंतर.

तसंच मासळीचं. मासे साफ करायला मागीलदारी वेगळं सिंक घ्या, उंचीला जरा कमी, वर पत्र्याची किंवा कौलांची झाप, आणि त्याचं पाणी शोषखड्ड्यात न सोडता माडाच्या आळ्यात. आतलं सिंक मग आपोआप लहान घेतलं तरी चालतं. पाटा-वरवंटा वापरात असेल तर तोही तिथेच.

साठवणीचं माप आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी भरून ठेवायच्या सामानावरून घ्यायचं. तांदूळ, कडधान्य, आमसुलं, आगळाच्या बाटल्या, पापड-फेण्या, फणसपोळी. सुकी मासळी वेगळी, तिचा वास लागणार नाही अशा जागी. हे सगळं एकदा पडवीत मांडून बघा आणि मग कपाटं किती लागतात ते मोजा. आणि कपाटांना जाळीची किंवा झडपांची दारं द्या. आपल्या हवेत बंद कपाट म्हणजे बुरशीचा डबा.

चिमणी बसवणार असाल तर तिचा पाइप कोणत्या भिंतीतून बाहेर काढायचा ते आत्ताच ठरवा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूला तोंड काढलं तर पाइपातून पाणी थेट गॅसवर येतं. पूर्वेला काढा, तोंड खाली वाकवा.

कंत्राटदार की सुटे कारागीर?

सुटे लावले तर पैसे वाचतात, हे खरं आहे. गवंडी चुलतभावाचा मित्र, वायरमन शेजारचा, प्लंबर मेहुण्याने सांगितलेला. तुम्ही स्वतः रोज घरी असाल, लादीच्या आधी खाच मारून घ्यायची असते हे तुम्हाला ठाऊक असेल आणि चौघांना ओळीने बोलावता येत असेल, तर खुशाल करा. आम्ही पहिल्यांदा तेच केलं. लाद्या लागल्यावर वायरमन आला, फिल्टरचा बोर्ड राहिला म्हणून दोन लाद्या फोडल्या, तशाच लाद्या पुन्हा मिळाल्या नाहीत. अजून त्या जागी वेगळ्या रंगाचा चौकोन आहे.

कंत्राटदार घ्यायचा तो कामाचा क्रम सांभाळायला आणि चूक झाली तर एकाच माणसाला जाब विचारता यावा म्हणून. तुम्ही ठाण्यात आणि घर राजापुरात, असं असेल तर दुसरा मार्गच नाही. फक्त मजुरीने काम द्यायचं की मालासकट, हा पुढचा प्रश्न. माझं मत: गवंडीकाम मजुरीने द्या, सिमेंट-वाळू-लादी स्वतः आणा, सुतारकाम मालासकट द्या, पण माल कोणता ते लिहून घ्या.

त्याला कसं पारखायचं

मागच्या महिन्यात केलेलं काम दाखवायला तो तुम्हाला नेईल. जाऊ नका. दोन पावसाळे खाल्लेलं काम दाखव म्हणा. शक्यतो ऑगस्टात जा, आणि घरमालकाशी बोलत ओटीवर बसू नका, सरळ स्वयंपाकघरात जाऊन तिथल्या बाईशी बोला. सिंकखालचं दार उघडा, आत हात फिरवा. बिजागऱ्या गंजल्या आहेत का बघा. लादीवर नाण्याने टकटक करा. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. शेवटी एक प्रश्न विचारा: बिघडलं तेव्हा बोलावल्यावर किती दिवसांनी आला? या उत्तरावर मी माझा कंत्राटदार निवडला.

तिघांकडून दर मागवा, पण तिघांना एकच यादी द्या. नाहीतर एक सांगतो ओट्यासकट, दुसरा ओट्याशिवाय, आणि आपण स्वस्त म्हणून भलताच निवडतो. "रनिंग फुटाला इतके" हा नुसत्या लांबीचा दर ऐकला की थांबा. त्यात कपाटाची पाठ आहे का, आतल्या फळ्या किती, ड्रॉवर किती, हे काहीच कळत नाही. चौरस फुटाने आणि नगाने मागा. स्वतःची माणसं आहेत की काम पुढे कोणाला देणार, हेही विचारून ठेवा.

कागद

ओळखीतला माणूस, त्याच्याशी कसला कागद करायचा, असा संकोच आपल्याकडे फार. उलट ओळख टिकवायची असेल तर कागद करा. साध्या वहीच्या पानावर का होईना, दोघांच्या सह्या हव्यात. कामाची यादी, मालाचं नाव, जाडी आणि प्रत, सुरू करायची आणि संपवायची तारीख, राडारोडा कोण उचलणार, मजुरांच्या चहा-जेवणाचं काय, आणि मध्येच वाढवलेल्या कामाचा दर आधी सांगायचा, हे सगळं त्यात आलं पाहिजे. वाढीव कामावरच सगळ्यात जास्त भांडणं होतात.

पैसे टप्प्याने. सुरुवातीला पाचवा हिस्सा, मग तोडफोड आणि पाइप-वायरी झाल्यावर, ओटा-लादी झाल्यावर, सुतारकाम झाल्यावर. शेवटचे दहा टक्के पहिल्या पावसानंतर. हे आधीच बोलून ठेवा. चांगला कंत्राटदार कुरकुर करतो, पण मान्य करतो. बिल पक्कं घ्या. उद्या ग्राहक आयोगाकडे जायची वेळ आली तर तोच पुरावा, आणि तिथे तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

माल: इथे कंजुषी नको

वाळूपासून सुरुवात. खाडीची वाळू स्वस्त मिळते, पण तिच्यात मीठ असतं. ती प्लास्टरला वापरली की भिंतीला लोणा फुटत राहतो आणि ओट्याच्या स्लॅबमधली सळई गंजते. नदीची वाळू नाही मिळाली तर क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू घ्या.

प्लायवूड घेताना त्यावरचा शिक्का वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ मधलं एमआर प्रतीचं म्हणजे साधं, दमट हवा सोसणारं पण पाणी न सोसणारं. आयएस ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्याची परीक्षा दिलेलं. ओट्याखाली ७१०च हवं. दुकानदार "वॉटरप्रूफच आहे" म्हणेल, शिक्का दाखव म्हणा. कापलेल्या कडा पट्टी लावून बंद झाल्या पाहिजेत, सिंकजवळच्या तर नक्कीच. मी सिंकखाली प्लायच टाळलं. तिथे ॲल्युमिनियमची चौकट आणि पीव्हीसीच्या फळ्या आहेत, आणि कपाट जमिनीपासून सहा इंच वर, ग्रॅनाइटच्या पायांवर. खाली झाडू फिरतो, वाळवी चढली तर दिसते. वाळवीचं औषध भिंत आणि जमीन मिळते तिथे भोकं पाडून लादी बसवण्याआधी मारून घ्या. नंतर मारायचं तर नवी लादी टोचावी लागते.

स्टीलमध्ये ३०४ प्रतीचं मागा, बिजागऱ्या आणि सिंक दोन्ही. लोहचुंबक लावून पारखतात, पण ती परीक्षा फसवी आहे, कारण २०२ प्रतीच्या हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही आणि खाऱ्या हवेत त्याला लवकर तांबेरा धरतो. शिक्का आणि बिल, दोन्हींवर ३०४ लिहिलेलं हवं. रंग मारलेल्या लोखंडी जाळ्या तर आणूच नका.

ओट्याला काळा ग्रॅनाइट. कडाप्पा स्वस्त, पण आमसुलाच्या पाण्याने आणि लिंबाने तो पांढुरका पडतो. लादी खरखरीत; ओल्या पायाने घरात येण्याचे आपले चार महिने असतात. सांध्यात इपॉक्सी भरा, साध्या सिमेंटच्या सांध्यातला हळदीचा डाग निघत नाही.

विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा, ओव्हन आणि इंडक्शनला १६ अँपिअरचे वेगळे पॉइंट. कातळावरच्या घरात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी घालायची आठवण ठेवा. जांभ्याच्या भिंतीत खाच मारताना चिरा ढासळतो आणि बोटभर खाचेचा वीतभर खड्डा होतो; तिथे वरून पट्टीतली वायरिंग बरी, दिसली तरी चालेल. सिलिंडर बंद कपाटात कोंडू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून त्या जागेला जमिनीलगत जाळी हवी.

काम चालू असताना

पाइप टाकून झाले की लादी लावण्याआधी पाणी सोडून एक रात्र तसंच ठेवा. सकाळी सांधे कोरडे असतील तरच पुढे. आणि भिंतीतल्या पाइप-वायरींचे मोबाइलवर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढे खिळा मारताना ते उपयोगी पडतात.

जमिनीला मोरीकडे ढाळ हवा, दहा फुटाला साधारण सव्वा इंच. तांब्याभर पाणी ओतून बघा, कोपऱ्यात थांबलं तर तेव्हाच बोला. प्लास्टरला किमान सात दिवस पाणी मारायचं असतं. गवंडी दोन दिवस मारतो, तिसऱ्या दिवशी विसरतो. ते काम घरच्यांनी अंगावर घ्यावं. तेवढे दिवस स्वयंपाक पडवीत करायचा, आणि धुळीच्या नावाने बोटं मोडायची, त्याला इलाज नाही.

बंद घर, पुराचं घर

वर्षातले दहा महिने कुलूप असेल तर कपाटं कमी करा. उघड्या मांडण्या, स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे, आणि निघताना फ्रिजचं दार उघडं. बंद घरात मोरीच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं आणि तिथून झुरळं वर येतात. कुलूप लावण्याआधी त्यात पाणी भरून वर झाकण ठेवा. किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना महिन्यातून एकदा येऊन पाणी सोडायला सांगा.

चिपळूण, खेड, महाडसारख्या ठिकाणी नदीकाठी घर असेल तर २२ जुलै २०२१ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ती खूण शोधा. स्विचबोर्ड तिच्या वर. ओट्याखाली लाकूड-प्लाय काही नाही, फक्त उचलून नेता येतील असे स्टीलचे रॅक.

आणि पहिला पाऊस लागला की बॅटरी घेऊन सिंकखाली, खिडकीच्या कोपऱ्यात, चिमणीच्या पाइपाभोवती हात फिरवा. आमच्याकडे खिडकीच्या डाव्या कोपऱ्यातून एक ओघळ आला. कंत्राटदाराने आधीच सांगितलं होतं, "वहिनी, पाऊस लागला की फोन करा, मी येतो." तिसऱ्या दिवशी उघडीप बघून आला, बाहेरून चज्ज्याचा सांधा भरला, आत घावणे आणि चहा घेतला. त्यानंतर तो कोपरा आम्ही श्रावणभर बघत राहिलो. उरलेले दहा टक्के त्याला अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दिले.